गेममधलं जग खरं वाटावं म्हणून त्यात रिअ‍ॅलिझम किती घालावा?

तुम्ही लिहिलंय की पहिलाच ओपन वर्ल्ड गेम (खेळाडू हवं तिकडे फिरू शकतो असा) करताय, झाडं-दगड सगळं फोटोस्कॅन केलेलं, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या फोटोंवरून बनवलेलं आहे, सूर्य तारखेप्रमाणे वरखाली होतो, आणि तरी खेळून बघणारे म्हणतात की जग खोटं वाटतं. मग आता भूक-तहान-झोप घालू का फिजिक्स अजून अचूक करू, असा तुमचा प्रश्न आहे.

सध्या दोन्ही नको. आधी हे सांगा, जंगलात लाकूडतोड्याची झोपडी आहे म्हणताय, तर त्या झोपडीच्या आसपास तोडलेल्या झाडाचा एक तरी बुंधा आहे का? कुऱ्हाडीच्या ढलप्या? झोपडीपासून जंगलात जाणारी पायवाट? नसेल तर तुमच्या झाडाच्या सालीवर कितीही बारीक भेगा असू देत, तो माणूस लाकूडतोड्या नाही, कोणीतरी आणून उभा केलेला पुतळा आहे, आणि खेळणाऱ्याला ते शब्दात सांगता आलं नाही तरी कळतं.

हुबेहूब असणं वेगळं आणि पटणं वेगळं. हे मी एका नदीपायी शिकले.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर, म्हणजे गेममधल्या जागा रचणारी, होते. आमच्या गेमची सुरुवात नदीकाठच्या नावाड्यांच्या गावात व्हायची. पलीकडे जायचं तर नाव पाहिजे, आणि म्हातारा नावाडी सांगायचा, "पाणी चढलंय, आठ दिवस नाव सोडली नाही, उतरेपर्यंत थांब." पहिला पूर्ण तास खेळाडू त्या गावात का अडकलाय याचं कथेत एवढं एकच कारण होतं.

नदी केली आमच्या आर्ट डायरेक्टरने. सात आठवडे तो त्या पाण्यावर बसला होता. प्रकाश पाण्यात शिरताना कसा वाकतो, तळावर उन्हाची जाळी कशी हलते, खोलीप्रमाणे रंग कसा बदलतो, सगळं बरोबर, तळाचे गोटे मोजता यायचे. मी त्याच काळात चार दिवस मागितले होते, घाटाच्या पायऱ्या, होड्यांमध्ये वल्ही (एकाही होडीत वल्हं नव्हतं!), घरांपासून घाटापर्यंत पायाखाली झिजलेली वाट, एवढंच करायला. तो म्हणाला, खेळाडू खाली बघत नाही. चार दिवस मिळाले नाहीत.

मग पहिली प्लेटेस्ट, म्हणजे बाहेरच्या माणसांकडून गेम खेळवून बघणं. पहिल्याच माणसाने नावाड्याचं ऐकून घेतलं, वळून नदीकडे बघितलं, समोर गुडघाभर नितळ पाणी, शांत, आणि तो सरळ आत चालत गेला. तीन पावलांवर अदृश्य भिंत. पाय हलतायत, माणूस जागच्या जागी. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आम्हाला विचारलं, "हा म्हातारा खोटं का बोलतोय?"

त्याला वाटलं हेच रहस्य आहे! पुढची चाळीस मिनिटं तो नावाड्याचं घर धुंडाळत होता, पुरावा मिळेल म्हणून, हंडे-मडकी उलटी करायला बघत होता, आणि काचेपलीकडे मी बसले होते आणि मला कळत होतं की हा माणूस आमच्या जगावर आमच्यापेक्षा जास्त भरवसा ठेवून खेळतोय, कारण इथे जे दिसतंय त्याला काहीतरी कारण असणार असं धरून चाललाय, आणि कारण काहीच नाहीये. सहापैकी तिघांचं असंच झालं.

मीटिंगमध्ये आर्ट डायरेक्टर म्हणाला डायलॉग बदला. प्रोग्रॅमर म्हणाला काठाला कुंपण घालू. मी म्हटलं नदी चुकलीय. त्यावर आर्ट डायरेक्टरने नदीच्या पात्राची रुंदी, खोली, उतार काढून दाखवला, एवढ्या उतारावर पाणी एवढंच वाहणार. गणित बरोबरच होतं. पण कथेतली नदी ती नव्हतीच ना.

मग मी दोन रात्री बसून माझ्या पद्धतीने केलं. पाणी गढूळ केलं, तळ दिसेनासा. मधूनच एखादा ओंडका वाहत जायचा. होड्या घाटावरून उचलून पार घरांच्या भिंतीपर्यंत ओढून उपड्या घातल्या. घाटाच्या वरच्या तीनच पायऱ्या बाहेर ठेवल्या. घरांच्या भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, कुंपणांना अडकलेलं वाळलेलं गवत, म्हणजे पाणी इथवर येऊन गेलंय. अदृश्य भिंत काढून टाकली. आत गेलात तर पाऊल लटपटतं, अजून गेलात तर ओढ लागते आणि नदी तुम्हाला दोनशे पावलं खाली याच काठावर फेकून देते. वेग मी भीती वाटेपर्यंत वाढवला, त्या उतारावर कुठलीच नदी तशी वाहत नाही. आवाज तर पाण्याचा नव्हताच, पत्र्यावरून वाळू ओढल्याचा आवाज होता, संथ करून लावलेला.

पुढच्या टेस्टला नावाड्याशी कोणी वाद घातला नाही. एकजण आत उतरली, फेकली गेली, आणि उठून परत नावाड्याकडे जाऊन त्याच्याशी बोलली. गेमने तिला तसं काही करायला सांगितलं नव्हतं.

आर्ट डायरेक्टर म्हणाला, ही फसवणूक आहे. आणि ट्रेलरमध्ये गढूळ पाणी मळकट दिसतं म्हणून नितळ नदी परत आली, भिंतीसकट. चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

फसवणूक या शब्दाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, ते आता देते. २००२ च्या व्हाइस सिटी या गेममध्ये नायक टॉमीला पोहता येत नाही, पाण्यात पडला की मेला. मोठा माणूस, समुद्राकाठचं शहर, तरी आपण ते चालवून घेतो कारण नियम पहिल्या पाण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत एकच आहे. २००७ च्या पहिल्या असॅसिन्स क्रीडमध्ये भिंती चढणारा अल्ताइर पाण्यात बुडतो, पण तो सगळा खेळ पूर्वजांच्या आठवणी दाखवणाऱ्या यंत्रात घडतोय, त्यामुळे तिथे मरणंसुद्धा आठवणीशी मेळ तुटणं असतं, आणि नंतर पोहता न येण्याचं खापरही त्या यंत्राच्या बिघाडावर फोडता आलं. पळवाट असेल, पण जगाच्या आतली पळवाट आहे. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये गवत पेटवलं की वर येणाऱ्या झोतावर कापडी छत्री धरून माणूस उडतो. खऱ्या आयुष्यात भाजून निघेल. पण तिथे पाऊस पडला की कडा निसरडा होतो, अंगावर धातू असला तर वीज पडते, आग, वारा, पाणी सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून उडणं पटतं. आउटर वाइल्ड्समधले ग्रह तर इतके चिमुकले की चालत फेरी मारता येते, एवढ्याशा गोळ्याला खरं म्हणजे पाय टेकवण्याइतकंही गुरुत्वाकर्षण नसतं, तरी दर २२ मिनिटांनी पहिल्यापासून सुरू होणाऱ्या काळाच्या फेऱ्यात ते सूर्याभोवती आपापल्या वाटेने फिरत राहतात आणि आपण त्या वेळापत्रकावर जीव टाकतो. न पटणाऱ्या शक्यपेक्षा पटणारं अशक्य बरं, हे अ‍ॅरिस्टॉटलने काव्याबद्दल केव्हाच सांगून ठेवलंय. यात फसवणूक कुठे आहे?

उलट फसवणूक हुबेहूब चित्र करतं. दार जेवढं खरं दिसेल तेवढी ते उघडेल अशी अपेक्षा. चार चौकोनी ठोकळ्यांचं दार उघडलं नाही तर कोणी रागवत नाही. तुमच्या फोटोस्कॅनने खेळाडूला शंभर वचनं दिलीयत आणि तुम्ही त्यातली पाच पाळताय.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. रेसिंग किंवा विमानाचा सिम्युलेटर असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, तिथे टायर कधी घसरतो हाच खेळ आहे, तिथे अचूकताच पाहिजे. आणि रिअ‍ॅलिझम नेहमी वायाच जातो असंही नाही, रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये दाढी वाढते, बंदुकीला तेल द्यावं लागतं, तो रेंगाळलेपणा त्या गोष्टीला शोभतो. आणि त्या आर्ट डायरेक्टरचं पाणी मी आजवर जवळून बघितलेल्यातलं सगळ्यात सुंदर पाणी होतं, ते मी तेव्हाही म्हटलं होतं. चुकीच्या गावात होतं.

भूक-तहानेचं राहिलंच. तुमच्या गोष्टीत अन्नाला किंमत असेल, गावात ते साठवणारी, लपवणारी, त्यावरून भांडणारी माणसं असतील, तर घाला. ती नसतील तर पडद्यावरचं भुकेचं मीटर दर वीस मिनिटांनी बटण दाबायचं काम होऊन बसेल. किती वेगाने उतरावं वगैरे आकडे मला विचारू नका, ते तुमचे टेस्टरच सांगतील. पण त्याआधी झोपडीशेजारी बुंधे लावा, वाट पाडा, आणि पुढच्या टेस्टला मागे गप्प बसून खेळाडू कशाला "का" विचारतोय तेवढंच लिहून काढा.