'मिस कुली'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ऑलिव्ह सीनियर या जमैकन लेखिकेच्या 'अरायव्हल ऑफ द स्नेक वुमन' या दीर्घकथेचा अनुवाद करतेय, त्यात डोंगरातल्या खेड्यात येऊन राहिलेल्या भारतीय बाईला सगळं गाव 'मिस कुली' म्हणतं, तर मराठीत हमालीण लिहू, मजूरबाई लिहू की आहे तसंच ठेवू?

आहे तसंच ठेव. आणि हमालीण तर चुकूनही नको, का ते सांगते.

कुली म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे लाल शर्ट, दंडावर पितळी बिल्ला आणि डोक्यावर दोन बॅगा. म्हणजे आपल्यासाठी ते काम आहे, ड्युटी संपली शर्ट काढला की माणूस मोकळा. जमैकात तसं नाही, तिथे दुकान टाकलं, जमीन घेतली, पोरं शिकली तरी कुली तो कुलीच, कारण शब्द कामाचा राहिलाच नाही, वंशाचा झाला. इतका की आपलं साधं बोर असतं ना, त्याला तिथे 'कुली प्लम' म्हणतात! आता बोराने कुणाचं ओझं उचललं? भारतीयांकडचं म्हणून कुली, बस.

हे झालं कसं तर 1838 ला गुलामगिरी पूर्ण सुटली, उसाच्या मळेवाल्यांना स्वस्तातली माणसं हवी होती, मग 1845 मध्ये 'ब्लंडेल' जहाजातून करारावरची पहिली भारतीय माणसं जमैकात उतरली आणि 1917 ला भरती थांबेपर्यंत साधारण 36 हजार आली, बहुतेक बिहार-यूपीकडची. सुटलेल्या गुलामांना वाटलं हे आपली मजुरी पाडायला आलेत, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. त्यामुळे ज्यांना गोऱ्यांनी तुडवलं त्यांनाही हिणवायला खाली एक माणूस मिळाला. कथेची धार इथेच आहे बघ. सांगणारा मुलगा काळा, गाव काळं, आणि पाद्र्याच्या लेखी ती बाई अधर्मी. त्याच शब्दाने सगळे हाक मारतात पण प्रत्येकाच्या तोंडी तो वेगळा लागतो. 'मजूरबाई' केलंस की हे सगळं सपाट होतं.

व्युत्पत्तीचं म्हणशील तर दोन मतं जुनीच आहेत, एक तमिळ 'कूली' म्हणजे मजुरी आणि दुसरं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे, गुजरातेतले कोळी. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात दोन्हींची चर्चा आहे. मला वाटतं दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत. आपल्या 'कुळा'शी मात्र काही नातं लावू नकोस, कूळकायद्यातल्याही नाही आणि घराण्याच्या अर्थाच्याही नाही.

आता 'मिस'. हा भाग जास्त अवघड आहे. जमैकात मिस म्हणजे कुमारी नव्हे, कुठल्याही मोठ्या बाईला मानाने म्हणतात, लुईस बेनेट ही तिथली लाडकी कवयित्री अख्ख्या देशाची 'मिस लू' होती. म्हणजे 'मिस कुली'मध्ये अर्धी शिवी आणि अर्धा मान, एकाच दमात! मला आधी 'कुलीबाई' सुचलं होतं, शाळेतल्या बाईंसारखं, पण मराठीत कामाच्या शब्दाला बाई चिकटली की ती पोळ्यावाली बाई, भांडीवाली बाई होते, मान उडून जातो आणि पुन्हा स्टेशनवरच पोचतो आपण.

याच्या उलटा मासला आपल्याकडे आहे की, 'भय्या'. मूळ शब्द नात्याचा, मायेचा, आणि मुंबईत आपण तो कोणत्या सुरात म्हणतो ते सांगायला नको. आणि म्हणतो कुणाला, तर मिस कुलीच्याच मुलखातल्या माणसांना. (आपल्याला कुणी 'घाटी' म्हटलं की मात्र लागतं.) अनुवादात भय्या वापर असं नाही म्हणत हां, पण सूर पकडायला हे कानात ठेव.

आणि शब्द काही परकाही नाही, मॉरिशसला पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर आपली कोकणातली माणसं उतरली त्याचं जुनं नाव 'कुली घाट'च, आता 'आप्रवासी घाट' म्हणतात. गयानाच्या राजकुमारी सिंग यांनी तर 1973 मध्ये 'आय अ‍ॅम अ कुली' असा लेखच लिहिला, की पूर्वजांच्या घामाचा शब्द आहे, लाजायचं कशाला. पण तो त्यांनी स्वतःसाठी घेतलेला शब्द, दुसऱ्याने फेकला की अजूनही शिवीच.

तेव्हा 'मिस कुली', ह्रस्व कु, आणि तळटीप नको, गावकऱ्यांची बोली नीट उतरली की वाचकाला कळतं. स्त्रीलिंग करायच्या नादात 'कुलीण' मात्र लिहू नकोस, मुद्रितशोधक त्याचं 'कुलीन' करेल आणि बाई एका अक्षरात खानदानी होऊन बसेल.