जग निर्मायचं, बांधायचं की मांडायचं?

विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो विचारतो, "कथेआधी अख्खं जग तयार करावं लागतं. तिथली हवा, माणसं, राज्य, बोली, सगळंच. इंग्रजीत याला वर्ल्डबिल्डिंग म्हणतात. मराठीत 'विश्वनिर्मिती' म्हटलं तर चालेल का? आणि ते करणाऱ्याला काय म्हणायचं?"

चालेल की. कुणी अडवणार नाही. पण मला विचाराल तर मी 'जग मांडणं' म्हणेन. त्याची कारणं थोडी शब्दकोशात आहेत आणि बरीचशी माझ्या एका जुन्या वहीत.

आधी शब्द बघू. 'विश्व' म्हणजे मुळात 'सगळं'. वेदांत 'विश्वे देवाः' येतं, त्याचा अर्थ 'सगळे देव' एवढाच. 'निर्मिती'ला तर मालाचा हिशेब द्यावाच लागत नाही. ब्रह्मदेवाने निर्माण केलं, झालं. विटा कुठून आल्या, पाणी कुणी वाहिलं, हे त्याला कोण विचारणार? 'बांधणी' घ्यावी तर 'जगबांधणी' ऐकून पक्षबांधणी आठवते, सतरंज्या आणि माईक डोळ्यांपुढे येतात. 'जगरचना' हा भूगोलाच्या पुस्तकातला तिसरा धडा वाटतो.

आता 'मांडणे' बघा. आपण काय काय मांडतो? पाट मांडतो, डाव मांडतो, दुकान मांडतो, हिशेब मांडतो, गाऱ्हाणं मांडतो, भातुकली मांडतो. आणि संसार मांडतो. खरी गंमत इथेच आहे. 'संसार' म्हणजे संस्कृतात हे अखंड चाललेलं, सरकत राहिलेलं जग. 'प्रपंच' म्हणजे पसरलेली, दिसणारी सृष्टी. मराठीने हे दोन्ही प्रचंड शब्द उचलले आणि थेट स्वयंपाकघरात आणून ठेवले. आपल्याकडे संसार म्हणजे चार भांडी, एक चूल, उसनी आणलेली कणीक. प्रपंच म्हणजे मुलांच्या फिया आणि वीजबिल. तुम्ही ज्याला वर्ल्डबिल्डिंग म्हणता, त्याचा अक्षरशः अर्थ असलेला वाक्प्रचार आपल्या आज्या रोज वापरत होत्या. नव्या सुनेला 'संसार मांड' म्हणताना, पाणी कुठून भरायचं आणि सरपण किती दिवस पुरेल, ही जबाबदारी त्या शब्दातच दिलेली असायची.

मला हे कळलं ते एका फजितीतून. ती सांगते.

1986 साली हॅलेचा धूमकेतू आला होता. शाळेत सगळे त्याबद्दल बोलत होते आणि मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. आम्ही धुळ्याचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय माहेरी निघाली, तिच्यासोबत मीही. मामाचं गाव साक्रीकडे, पांझरेच्या काठी. बाकीच्या पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या आणि मी ओसरीवर दोनशे पानी वहीत एक ग्रह निर्माण करत होते. हो, निर्माणच. वहीवर मी 'विश्वनिर्मिती, भाग 1' असं लाल शाईने लिहिलं होतं.

ग्रहाचं नाव अग्निप्रस्थ. त्याला दोन सूर्य, एक पूर्व क्षितिजावर आणि एक पश्चिम, दोन्ही कायमचे तिथेच. रात्र नाही, चंद्र नाही. राजा महाधिपती वज्रकेतू, सेनापती रणप्रतापी विद्युल्लता, वाहन मनोवेगयान, शस्त्र ऊर्ध्वज्वालास्त्र. परकीय शत्रूचं नाव मात्र झेरॉन. चांगली माणसं संस्कृत आणि वाईट माणसं 'ऑन'वर संपणारी, हा नियम मी कुठून शिकले कुणास ठाऊक. इंग्रजीतले नवशिके परग्रहवासीयांच्या नावात मधेच अपॉस्ट्रॉफीची एखादी टिंबासारखी वरची चिमटी टांगतात आणि नाव परकं झालं असं समजतात. आपली चिमटी म्हणजे जोडाक्षर. क्ष, ज्ञ, ध्व, ज्व लावा की झालं दिव्य.

वही अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी ती पुन्हा वाचली आणि शब्दागणिक अडखळले. पहिल्याच पानावर: "त्या दिवशी भर दुपारी विद्युल्लता दक्षिणेकडून आली. महिन्याभराच्या प्रवासाने ती थकली होती. राजवाडा अजून दोन कोस होता."

एका वेळी एकच शब्द घ्या. दुपार म्हणजे द्विप्रहर, दिवसाचे दोन प्रहर सरल्यावरची वेळ. प्रहर मोजायचा तर सूर्य उगवायला हवा. माझे दोन्ही सूर्य खिळ्याला टांगलेले. मग दुपार कशी झाली? 'महिना' आपल्याकडे फारसीतून आला, त्यातल्या 'माह'चा अर्थ चंद्र. संस्कृत 'मास' म्हणजेही चंद्रच. चंद्र नसलेल्या ग्रहावर महिना कशाने मोजला? 'दक्षिण' म्हणजे उजवी. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला जी येते ती दक्षिण, पुढची ती पूर्व आणि पाठीमागची ती पश्चिम. दोन्हीकडे सूर्य असेल तर माणूस तोंड कुणीकडे करणार? तिथल्या दोन घराण्यांत यावरूनच पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर पडू शकलं असतं, एकाची दक्षिण ती दुसऱ्याची उत्तर. किती चांगली कथा हातची गेली!

आणि कोस. हा माझा लाडका. संस्कृत 'क्रोश' म्हणजे ओरड, हाक. हाक जिथवर पोचते तेवढं अंतर म्हणजे कोस. म्हणजे कोस हवेवर अवलंबून. मंगळावरची हवा फार विरळ, तीही बहुतेक कार्बन डायऑक्साइडची. तिथे आवाज दबतो, त्यातही उंच पट्टीचा जास्त. 2021 साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स यानावर मायक्रोफोन होते, त्यांनी ते प्रत्यक्ष ऐकवलं. तेव्हा मंगळावर वसलेल्या मराठी माणसाचा कोस आखूड भरेल आणि बाईच्या हाकेचा कोस पुरुषाच्या हाकेच्या कोसाहून आणखी आखूड. एका शब्दातून एवढं निघतं. मी तो शब्द नुसता जुनापुराणा वाटतो म्हणून वापरला होता.

मंगळाचा विषय निघालाच आहे तर फोबोसबद्दल सांगायलाच हवं. हा त्याचा चंद्र मंगळाभोवती साडेसात तासांहून थोड्या जास्त वेळात फेरी मारतो. मंगळाचा दिवस मात्र चोवीस तास एकोणचाळीस मिनिटांचा. चंद्र ग्रहाच्या पुढे धावतो, म्हणून तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. 'आज सूर्य पश्चिमेला उगवला का?' हे आपलं टोमण्याचं वाक्य. मंगळावर ते फोबोसबद्दल म्हणाल तर समोरचा म्हणेल, "हो, मग? रोजच उगवतो." आणि तिथे चतुर्थीचा चंद्र बघून उपास सोडायचा म्हटलं, तर चंद्र दिवसातून दोनदा उगवायचा. खगोल बदलला की म्हणी, टोमणे, उपास सगळं हलतं. हे मला पंधराव्या वर्षी कळलं असतं तर वज्रकेतूला मी पहिल्याच पानावर मारलं असतं.

दोन सूर्यांचंही तसंच. दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह खरोखर सापडला, 2011 साली, केप्लर-16बी. माझी कल्पना अगदीच वेडगळ नव्हती म्हणून मी आधी हुरळले. पण असा ग्रह दोन्ही ताऱ्यांच्या बाहेरून फिरतो, त्यामुळे त्याच्या आकाशात दोन्ही सूर्य एकमेकांच्या जवळपासच दिसणार. जत्रेत हात धरून चालणाऱ्या भावंडांसारखे. समोरासमोरच्या क्षितिजांवर चौकीदारासारखे ते उभे राहणार नाहीत.

हे सगळं विज्ञानाचं झालं, आणि त्या चुकांबद्दल मी पंधरा वर्षांच्या मला माफ करते. दुसरी चूक जास्त बोचते.

अग्निप्रस्थावर पाणी नव्हतं. तिथले लोक 'जीवनरस' प्यायचे. तो कुठून यायचा? वहीत उत्तर नाही. कोण वाटायचं? उत्तर नाही. मामा एकदा ओसरीवर टेकला, मी मोठ्या तोऱ्यात नकाशा दाखवला. त्याने बोट ठेवून विचारलं, "हाई काय शे?" म्हटलं, राजधानी. "आनि पानी कथाईन येस?" म्हणजे पाणी कुठून येतं? मी म्हटलं, मामा, हे विज्ञान आहे, तुला नाही कळणार.

हे मी कुणाला सांगत होते, तर ज्याच्या दारावरून फडाचं पाणी जातं अशा माणसाला. पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे नदीचं पाणी गावाने वाटून घेण्याची रीत, तीन-चारशे वर्षांची मानतात. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून सारंग आणि सारंगातून शेतात. जास्तीचं पाणी सांडमातून पुन्हा बाहेर. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड पाडायचे. एका फडात एकच पीक, म्हणजे सगळ्यांची पाण्याची पाळी सारखी येते. शेतकऱ्याची जमीन एका जागी नाही, तिचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाऊस कमी झाला तर गाव बसून ठरवतं, यंदा अमुक फड पडीक. त्यामुळे झळ एकट्याला बसत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. (या 'फड' शब्दावर वेगळं लिहायला हवं. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड, शिवाय पेशव्यांच्या दफ्तरातही फड नावाची शाखा होती. पण आत्ता तो विषय काढला तर ही चर्चा संपायची नाही.)

आता हे वाचून सांगा, याहून चांगलं मांडलेलं जग एखाद्या कथेत तुम्ही पाहिलंय का? कोरडा मुलूख, एक नदी, तुटपुंजं पाणी. त्यातून हुद्दे निघाले, नियम निघाले, भांडणं निघाली, आणि प्रत्येक गोष्टीला दोन-चार अक्षरांचं, रोज तोंडात घोळून गुळगुळीत झालेलं नाव मिळालं. चारी. सारंग. पाटकरी. ऊर्ध्वज्वालास्त्र म्हणेपर्यंत शत्रू गोळी घालून निघून जाईल. रोजच्या वापरातली वस्तू लांब नाव फार दिवस बाळगत नाही. म्हणून तुमच्या कथेतल्या यानाचं नाव सात अक्षरी असेल, तर त्या यानात अजून कुणी बसलेलंच नाही असं मी समजेन.

आणि मी हे सगळं ओसरीवर बसून, पाटाचा आवाज ऐकत, वहीबाहेर ठेवलं होतं. एक गोष्ट मात्र नकळत आत शिरली. अग्निप्रस्थाची रसनदी मी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहती काढली आहे. घाटावरच्या पोरीने गोदा-कृष्णेसारखी ती पूर्वेकडे नेली असती. आमची तापी मुलताईला उगम पावून सुरतेकडे पश्चिमेला जाते, तेव्हा मला नदी म्हटलं की तशीच वाहणार.

एक गोष्ट आत शिरली म्हटलं, ते अर्धंच खरं. दुसरी शिरली ती मी मुद्दाम घेतली होती आणि तिची मला लाज वाटते. राजा, सेनापती, शास्त्रज्ञ पाठ्यपुस्तकाची मराठी बोलतात. खाणीत राबणारे 'अधोजन' अहिराणी बोलतात. हसवण्यासाठी. घरी माय ज्या बोलीत मला हाक मारायची ती मी गुलामांच्या तोंडी दिली, आणि धुळ्याच्या शाळेतल्या मैत्रिणी ते वाचून खूप हसल्या, मीही हसले. विश्व 'निर्मिणाऱ्या'ला आपण कुठे उभे आहोत ते दिसत नाही, तो वरून बघतो. मांडणारा वाकलेला असतो, ओट्याशी किंवा पाटाशी, त्याला स्वतःचे हात तरी दिसतात.

त्यातला एक प्रसंग जसाच्या तसा देते. पान 61. दरबार भरला आहे, झेरॉनचा हल्ला कसा परतवायचा यावर खल चालला आहे. एक अधोजन धावत येतो आणि म्हणतो, "मालक, पानी सरनं." वज्रकेतू गडगडाटी हसतो. "मूर्खा, या ग्रहावर पाणी नसतेच!" दरबारही हसतो. त्याला बाहेर काढतात आणि पुढची चाळीस पानं युद्ध चालतं.

दोनशे पानांत आपल्या जगाची काळजी वाटलेला हा एकटाच माणूस, आणि मी त्याला नावसुद्धा दिलेलं नाही.

तर तुमचा शब्द. कामाचं नाव 'जग मांडणं' ठेवा. नाम हवं असेल तर 'जगाची मांडणी', वाक्यात 'या कादंबरीत मांडलेलं जग' असं सहज बसतं. समीक्षेच्या लेखात 'विश्वनिर्मिती' लिहिलीत तरी हरकत नाही, तिथे लोक जोडाक्षरांची तयारी करूनच येतात. करणाऱ्याला 'विश्वनिर्माता' कृपा करून म्हणू नका, डोक्यात जातं, अनुभव आहे. 'जग मांडणारा' पुरे. अगदी एकाच शब्दात हवा असेल तर लाकूडतोड्याच्या चालीवर 'जगमांड्या' करून बघा. प्रमाण मराठीला थोडा गावंढळ वाटेल. वाटू द्या, पाटावरच्या जागल्याशेजारी तो शोभून दिसतो.