बॅटरी बनवणारी बीवायडी मोटारींकडे कशी वळली? तिची मॉडेल्स कशी बदलत गेली?

वांग च्वानफू यांनी १९९५ मध्ये चीनमधल्या शेनझेनला ही कंपनी काढली ती रिचार्जेबल बॅटऱ्या बनवण्यासाठी. २००३ मध्ये त्यांनी छिनछ्वान ही छोटी मोटार कंपनी विकत घेतली. २००५ ची एफ३ सेडान दिसायला जवळजवळ टोयोटा कोरोलाच होती, पण स्वस्त असल्यामुळे भरपूर खपली.

खरं वळण २००८ चं. त्या वर्षी आलेली एफ३डीएम ही मोठ्या प्रमाणावर बनवलेली जगातली पहिली प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही चालणारी आणि प्लग लावून चार्ज करता येणारी गाडी. ती फारशी विकली गेली नाही, तरी माझ्या मते बीवायडीची सगळ्यात महत्त्वाची गाडी तीच. पुढे छिन, थांग, सोंग, युआन, हान अशी चिनी राजघराण्यांची नावं घेऊन नवी मालिका आली.

२०२० मध्ये 'हान'मध्ये ब्लेड बॅटरी बसवली. म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचे लांब, पातळ सेल थेट बॅटरीच्या पॅकमध्ये रचलेले. त्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही, जागा वाचते आणि आगीचा धोकाही बराच कमी. स्वतःची बॅटरी स्वतःच बनवत असल्याने किमतीवर पकड राहते, ती वेगळीच. मार्च २०२२ पासून निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बनवणं बंद.

आणि हो, भारतात मिळणारी बीवायडीची ॲटो ३ म्हणजे चीनमधली युआन प्लस.