ऑफिसमधल्या एका मॅडमना फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर ऑफिसच्या सर्व्हरवर 'ॲक्सेस डिनाइड' (प्रवेश नाकारला) येतं. शेजारच्या मशीनवरून त्या आत जातात, आणि त्यांच्या मशीनवर इतरांचं काम चालतं. पासवर्ड नुकताच बदललाय. काय करावं?

त्या कॉम्प्युटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची जतन केलेल्या पासवर्डची जागा) साठलेला जुना पासवर्ड काढून टाका, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. मॅडम शेजारच्या मशीनवरून आत जातात, म्हणजे खातं आणि परवानग्या ठीक आहेत. त्यांच्या मशीनवर दुसऱ्यांचं काम चालतं, म्हणजे नेटवर्कही ठीक. उरतं फक्त त्या मशीनवरचं त्यांचं प्रोफाइल, आणि जतन केलेले पासवर्ड विंडोज तिथेच ठेवतं. पासवर्ड बदलला तरी ही नोंद आपोआप बदलत नाही. विंडोज न विचारता जुनाच पाठवत राहतं. आयटी सपोर्टच्या कामात ही तक्रार मला सतत दिसते, आणि दर वेळी लोक पुन्हा पुन्हा पासवर्ड रीसेट करून बिचाऱ्याचं खातं लॉक करून ठेवतात. तसं कृपया करू नका.

- मॅडमच्याच लॉगिनमधून (ॲडमिनच्या लॉगिनमध्ये त्यांच्या नोंदी दिसत नाहीत) कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्स, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स असं जा.
- सर्व्हरच्या नावाची नोंद रिमूव्ह करा. त्याच्या आयपी पत्त्याची (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) वेगळी नोंद असेल तर तीही. ती हमखास राहून जाते.
- मॅप केलेला ड्राइव्ह (सर्व्हरचं फोल्डर, जे कॉम्प्युटरवर ड्राइव्हसारखं दिसतं) डिस्कनेक्ट करा, साइन आउट करून परत आत या.

मात्र त्या मशीनवर इतरांनाही नकार मिळू लागला, तर आधी घड्याळ तपासा. मशीनच्या आणि डोमेनच्या (ऑफिसच्या सामायिक विंडोज नेटवर्कच्या) वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे तिथली ओळख तपासणारी पद्धत, लॉगिन नाकारू शकतं.