स्पॅनिशमध्ये ‘काय भारी!’ कसं म्हणायचं?

प्रश्न: स्पॅनिशची ए-टू (प्राथमिक) पातळी झाली आहे. मित्रांशी चॅट करताना ‘मुय बिएन’च्या, म्हणजे ‘खूप छान’च्या पुढे गाडी सरकत नाही. आपण ‘भारी’, ‘कडक’, ‘एक नंबर’ म्हणतो तसं ते लोक काय म्हणतात?

उत्तर: मित्र कुठल्या देशाचे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडतं. स्पेनमध्ये ‘के ग्वाय!’, ‘के चुलो!’, ‘के पासादा!’ चालतं. मेक्सिकोत ‘के पाद्रे!’ किंवा ‘के चिदो!’. कोलंबिया-व्हेनेझुएलात ‘चेवेरे’, कोलंबियात ‘बाकानो’सुद्धा, चिली-पेरूत ‘बाकान’. अर्जेंटिनात ‘के कोपादो!’, शिवाय तिथे कुठल्याही विशेषणाआधी ‘रे’ लावून जोर देतात: ‘रे लिंदो’, म्हणजे लय सुंदर. एकाच वाक्यात ‘ग्वाय’ आणि ‘चिदो’ आले तर समोरच्याला कळेल सगळं, पण ऐकायला विचित्र वाटेल. म्हणून एक देश धरा आणि तिथलेच तीन-चार शब्द वापरा. देश ठरत नसेल तर ‘खेनिआल!’ आणि ‘के बिएन!’ कुठेही खपतात.

नुसते शब्द पाठ करून भागत नाही, साचे हातात हवेत. पहिला साचा ‘के’ आणि पुढे विशेषण. हा आपल्या ‘काय भारी!’सारखाच. लिहिताना या ‘के’मधल्या ‘ए’वर तिरकी खूण हवीच, ती नसली तर तो ‘की’ किंवा ‘जो’ अर्थाचा वेगळा शब्द होतो. नाम आणायचं असेल तर मध्ये ‘मास’ किंवा ‘तान’ येतं: ‘के पेली मास चुला!’, काय भारी सिनेमा! ‘चुलो’, ‘चिदो’, ‘बाकानो’ नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. ‘ग्वाय’ आणि ‘पाद्रे’ बदलत नाहीत. स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘पाद्रे’चं ‘माद्रे’ करू नका. ‘मुय’च्या जागी ‘-ईसिमो’ लावता येतं: ‘बुएनीसिमो’, ‘पाद्रीसिमो’. दोन्ही एकत्र मात्र नको, ‘मुय बुएनीसिमो’ चूक. ‘मे एन्कान्ता’च्या (मला खूप आवडतं) पुढे ‘मुचो’ लावणंही चूकच, कारण ‘खूप’ त्या क्रियापदातच आहे.

दुसरा साचा मराठी माणसाला जवळजवळ फुकटात मिळतो. स्पेनमधलं ‘मोलार’ हे क्रियापद आपल्या ‘आवडणे’सारखं चालतं, म्हणजे ते माणसाप्रमाणे नाही, वस्तूप्रमाणे बदलतं. मला फोटो आवडतो: ‘मे मोला ला फोतो’. मला फोटो आवडतात: ‘मे मोलान लास फोतोस’. ‘मे फ्लिपा’, ‘मे एन्कान्ता’ही याच चालीवर. इंग्रजीतून विचार केलात की ‘यो मोलो’ तोंडून जातं, आणि त्याचा अर्थ होतो ‘मी स्वतःच भारी आहे’. इथे सरळ मराठीतूनच विचार करा.

तिसरा साचा: ‘तू येतोयस ते किती छान!’ याला ‘के बिएन के बेन्गास!’ किंवा मेक्सिकोत ‘के पाद्रे के बेन्गास!’. दुसऱ्या ‘के’नंतर सहसा सब्जंक्टिव्ह, म्हणजे भावना-इच्छा सांगताना येणारं क्रियापदाचं रूप, वापरतात. साधं ‘बिएनेस’ही ऐकू येतं, विशेषतः मेक्सिकोत.

आता जिथे खरोखर तोंडघशी पडायला होतं ते. इंग्रजी ‘एक्सायटेड’वरून केलेलं ‘एस्तॉय एक्सितादो’ लैंगिक उत्तेजनेबद्दल समजलं जातं. लॅटिन अमेरिकेत ‘एस्तॉय एमोसिओनादो’ म्हणा, स्त्री असाल तर ‘एमोसिओनादा’. स्पेनमध्ये त्याला ‘गहिवरून आलं’ अशी छटा आहे, म्हणून तिथे ‘मे आथे मुचा इलुसिओन’. दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर ‘तेन्गो मुचास गानास दे इर’, म्हणजे जायची फार इच्छा आहे. दुसरी जागा जेवणाची. पदार्थाला ‘एस्ता बुएनो’ ठीक, ‘के रिको!’ तर उत्तमच. पण बाईंबद्दल कौतुकाने ‘एस्ता बुएना’ म्हणालात तर ते त्यांच्या शरीराबद्दल होतं. स्वभावाबद्दल बोलायचं तर ‘एस बुएना’.

शिव्यांच्या काठावरचे शब्द मालिकांमधून आधी कानावर पडतात. मेक्सिकोतलं ‘नो मामेस’ अश्लील आहे. त्याचं घरात चालणारं रूप ‘नो मांचेस’. स्पेनमध्ये ‘ओस्तिया’ऐवजी ‘ओस्त्रास’. हे सौम्य शब्दही विस्मयाचे आहेत, वाईट बातमीवरही निघतात. मूळचे तिखट शब्द ओळखता यावेत, वापरायची घाई नको. पेरूतलं ‘के पाखा!’ तिथे ‘मस्त’ असतं, बाहेर बऱ्याच ठिकाणी अश्लील. ‘चाची’सारखे शब्द स्पेनमध्ये आता जुनाट किंवा मुद्दाम गमतीने म्हटल्यासारखे वाटतात.

उच्चारात आपल्याला थोडी सूट आहे: त आणि द दंत्य, साधा र आपलाच. ‘चुलो’, ‘चेवेरे’ यांतला च चहातला, चमच्यातला नव्हे. ‘चेवेरे’त जोर पहिल्या ‘चे’वर, ‘खेनिआल’मध्ये शेवटच्या ‘आल’वर, तो सरकला की उत्साह विरतो. आणि चॅटमध्ये कुणी ‘जाजाजा’ लिहिलं तर ‘निघ’ म्हणतोय असं समजू नका. त्या अक्षराचा उच्चार ख-हच्या मधला आहे, तो हसतोय.

नवा शब्द भेटला की स्पॅनिश भाषा अकादमींच्या संघटनेचा २०१० सालचा अमेरिकानिस्मो-कोश, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश शब्दांचा कोश बघा. तो इंटरनेटवर मोफत आहे. त्यात शब्द कुठल्या देशांत चालतो त्याची संक्षिप्त रूपं दिलेली असतात, अश्लील असेल तर तसंही नोंदवलेलं असतं. स्पेनमधल्या शब्दांसाठी मात्र रेआल अकादेमिया या स्पेनच्या भाषा अकादमीचा नेहमीचा कोश. देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणार असाल तर औपचारिक पत्रात यातलं काहीही नको. तिथे ‘मे अलेग्रो मुचो’ (मला फार आनंद झाला) लिहा.