फेजची सहल: एफडी मोडायची की हप्ते घ्यायचे?

ठाण्याहून एका वाचकांनी विचारलंय: एप्रिलमध्ये दोघं मोरोक्कोतल्या फेजला जायचं म्हणतोय, तीन लाख कमी पडतात. पाच लाखांची दोन वर्षांची एफडी (7 टक्के) ऑगस्टमध्ये संपते. ती मोडावी, की टूर कंपनीचे बिनव्याजी हप्ते घ्यावेत?

दोन्ही नको. एप्रिलमध्ये एफडी मोडलीत तर बँक 20 महिन्यांचा दर लावते आणि वर सहसा अर्धा ते एक टक्का कापते. एक टक्का धरा, 8,300 रुपये गेले. त्यापेक्षा त्याच एफडीवर तीन लाखांचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून मिळणारं कर्ज, काढा. दर एफडीहून एक-दोन टक्के जास्त असतो. 9 टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज 9,000. पण तेवढ्यात हेच तीन लाख एफडीत 7,000 मिळवतात. भुर्दंड दोन हजारांचा. फक्त ऑटो रिन्यूअल आत्ताच बंद करा, नाहीतर ऑगस्टमध्ये एफडी पुन्हा बांधली जाईल आणि ओव्हरड्राफ्टचं मीटर चालूच राहील.

बिनव्याजी हप्त्यांचं म्हणाल, तर कंपनीला एवढंच विचारा: एकरकमी दिले तर किती? जो फरक सांगतील तेच व्याज. प्रोसेसिंग फी वेगळी. पॅकेजवरचा टीसीएस (कंपनी तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरते तो कर) रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, बजेटमध्ये धरा.

खरी गळती चलनात होते. मोरोक्कोचं चलन दिरहम इथे सहसा मिळत नाही. युरोचं फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) नेलंत तर सहसा प्रत्येक स्वाइपला युरोचे दिरहम होताना पुन्हा शुल्क लागतं, म्हणजे इथे फॉरेक्स कार्डाचा फायदाच उरत नाही. साध्या क्रेडिट कार्डावर मार्कअप, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क, सहसा 3.5 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी: 50,000 च्या खर्चावर 2,065 रुपये. म्हणून मार्कअप नसलेलं कार्ड रियाद (जुन्या वाड्यातलं हॉटेल) आणि रेल्वेसाठी ठेवा, बाकी युरो रोख न्या. फेज अल-बाली या जुन्या शहराच्या गल्ल्यांत गाडी जात नाही. हातगाडीवाला हमाल, चामड्याचं दुकान, चहा, बहुतेक ठिकाणी रोखीचाच व्यवहार. रियादचा प्रतिव्यक्ती रात्रीचा पर्यटन कर बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत नसतो, तोही तिथेच भरावा लागतो.

कार्डाच्या मशीनने 'रुपयांत की दिरहममध्ये' विचारलं तर दिरहमच दाबा. युरो बदलल्याच्या पावत्या जपा. उरलेले दिरहम परतताना विमानतळावर बदलायला त्या लागू शकतात, आणि 2,000 हून जास्त दिरहम देशाबाहेर नेता येत नाहीत.