दीड महिन्याचं बाळ रोज संध्याकाळी रडते, वॉकर अन् मोटारवाला पाळणा घ्यावा का?

वॉकर तर बिलकुलच नका घेऊ, त्यानं लेकरू लवकर चालत नाही, उलट ओट्यावरून पडायची भीती, कॅनडात तर 2004 पासून विक्रीवरच बंदी हाय. मोटारवाल्या पाळण्याचं म्हणाल तर खेड्यात लाइन गेली की तो नुसता शोभेचा. या वयात रडणं जास्तच असते, तीन-चार महिन्यांचं झालं की बहुतेक आपोआप कमी होते, तोवर दूध पाजून खांद्यावर घ्या, ढेकर काढा, सांजेला अंगणात फिरवा. अन् उन्हाळा हाय म्हणून पाणी, घुटी काही नका देऊ, सहा महिने अंगावरचं दूध पुरते, आजी काहीबी म्हणो! ताप 100.4 फॅरनहाइट झाला नाहीतर दूधच ओढत नसन तर मात्र सरळ दवाखान्यात न्या, सकाळची वाट नका पाहू.